एकाच मुठीतल्या गोळ्या



दहावीनंतर मुलींच्या प्रवेशाबद्दल या वेळी पुढचा भाग लिहू, असे आम्ही कबूल केले होते. तो पुढच्या अंकात नक्की देऊ. मध्येच एक प्रसंग असा घडला की आधी तो सांगितल्याशिवाय लेखणी दुसरीकडे वळेना. विषय आपल्या घरांत दबक्या आवाजात बोलला जातो तो, एचआयव्हीचा. हे मासिक घरात आजीपासून नातवापर्यंत सगळे वाचतात, कुठे कुठे मोठ्याने वाचून दाखवले जाते, याची आम्हाला जाणीव आहे. म्हणून दोन दिवस विचार केला. शेवटी जिची ही हकिकत आहे तीच म्हणाली, "लिहा टीचर, फक्त माझं नाव आणि गाव नको." तेव्हा दोन्ही सोडून बाकीचे लिहितो.

ती आमची जुनी विद्यार्थिनी. वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची, मराठी शुद्धलेखनात कधी चूक नाही. लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेली. एका रविवारी दुपारी अचानक दारात उभी राहिली. आठवा महिना चालू होता. चेहरा उतरलेला. पाणी प्यायली, घरात आणखी कोण आहे ते पाहिले आणि हातातली कापडी पिशवी आमच्या पलंगावर उलटी केली. चार डब्या, दोन पाकिटे आणि एक अर्धी संपलेली पातळ औषधाची बाटली.

"टीचर, यातली एक डबी एड्सच्या औषधाची आहे," ती म्हणाली. "मी एकही गोळी चुकवली नाही. कसम घेऊन सांगते. पण तिथं कुणी विश्वास ठेवत नाही."

तीन वर्षांपासून ती आणि तिचा नवरा दोघेही सरकारी एआरटी केंद्रातून औषध घेत होते. आजार घरात कसा आला हे आम्ही विचारले नाही आणि वाचकांनीही अशा वेळी कुणाला विचारू नये अशी विनंती आहे. दिवस राहण्याआधीचा तिचा व्हायरल लोडचा रिपोर्ट अगदी साफ होता, म्हणजे रक्तात विषाणू मोजण्याइतकाही सापडला नव्हता. गरोदरपणात 32 ते 36 आठवड्यांच्या दरम्यान ही तपासणी पुन्हा करतात. या वेळी विषाणू सापडला, आणि तोही थोडाथोडका नाही. समुपदेशक बाई तिला म्हणाल्या, "गोळ्या चुकवतेस आणि वर खोटं बोलतेस." नवऱ्याने घरी येऊन डबीतल्या गोळ्या मोजल्या. हिशेब बरोबर निघाला. तरी तो दोन दिवस बोलला नाही.

भीती तिला स्वतःची नव्हती. आईने औषध घेतलेच नाही तर गरोदरपणात, बाळंतपणात आणि अंगावर पाजताना मिळून शंभरातल्या 15 ते 45 बाळांना आईकडून एचआयव्ही होऊ शकतो. औषध नीट चालू असेल तर हेच प्रमाण शंभरात पाचाच्या खाली येते. बाळंतपणाच्या वेळी आईच्या रक्तात विषाणू दबलेला असणे ही त्यातली सर्वांत मोठी गोष्ट. तिच्या हातात चार-पाच आठवडे होते.

आम्ही मास्तर माणसे, डॉक्टर नाही. आम्हाला सुचला तो एकच प्रश्न विचारला, "बेटा, रोज सकाळी उठल्यापासून तू काय काय आणि कसं घेतेस, ते सगळं सांग."

तिने सांगितले ते असे. घरात सासूबाई, दोन नणंदा, एक दीर. आजाराची खबर फक्त नवरा-बायकोला. एआरटीच्या डबीवर नाव छापलेले, नणंद बारावीची, इंग्रजी वाचणारी. म्हणून औषध आणले की मूळ डबी फेकून द्यायची आणि गोळ्या कॅल्शियमच्या रिकाम्या डबीत भरायच्या. दिवस राहिल्यावर आशाताईंनी लोहाच्या लाल गोळ्या दिल्या, मग चौथ्या महिन्यापासून कॅल्शियमच्या. तिला वाटले, चला, बरे झाले. एवढ्या गोळ्यांत एक आणखी कुणाला दिसणार? "अम्मींना वाटायचं, सगळ्या ताकदीच्या गोळ्या आहेत." लोह रिकाम्या पोटी चांगले लागते असे कुणीतरी सांगितलेले. म्हणून फजरनंतर, चहाच्याही आधी, लोह, कॅल्शियम आणि एआरटी एकाच मुठीत घेऊन एका ग्लास पाण्याबरोबर. लोहामुळे छातीत जळजळायचे, म्हणून त्यावर लगेच ऍसिडिटीच्या गुलाबी औषधाचे दोन चमचे.

इतके महिने रोज, न चुकता, तिने हे केले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिच्याबरोबर केंद्रावर गेलो. डॉक्टरांकडे गर्दी होती, म्हणून आधी औषधाच्या खिडकीशी गेलो. तिथली फार्मासिस्ट मुलगी पंचविशीची असेल. तिने पिशवी खिडकीतून आत घेतली, एक एक डबी हातात धरून पाहिली आणि विचारले, "हे सगळं एकदम घेता?" ती हो म्हणाली. "मग ही पिशवी आधी का नाही दाखवली?" तर ती म्हणाली, "कुणी मागितलीच नाही. तुम्ही विचारता, दुसरं काही औषध चालू आहे का. हे काय औषध आहे? या तर ताकदीच्या गोळ्या."

आम्हाला हे उत्तर फार महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे औषध म्हणजे आजारावरचे. लोह, कॅल्शियम, टॉनिक, ऍसिडिटीचे पातळ औषध, हकीमजींचे माजून, यांना औषध कोण म्हणतो? डॉक्टरांनी विचारले तरी या गोष्टी कुणाच्या तोंडी येत नाहीत.

आता त्या मुठीत काय घडत होते ते पाहू.

आज भारतात एआरटी केंद्रातून बहुतेक प्रौढांना जी एक गोळी मिळते तिला टीएलडी म्हणतात. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर अशी तीन औषधे त्या एका गोळीत आहेत. 2021 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत पहिल्या पसंतीचा उपचार म्हणून तीच दिली आहे. त्याआधी बऱ्याच जणांना टीएलई मिळायची, तिच्यात डोल्युटेग्रॅव्हिरच्या जागी इफाव्हिरेन्झ असे. त्या जुन्या गोळीने चक्कर यायची, विचित्र स्वप्ने पडायची, पण लोह-कॅल्शियमशी तिचे काही वाकडे नव्हते. नवी गोळी जास्त जोरदार, त्रास कमी. भांडण फक्त धातूंशी. ज्यांनी जुन्या गोळीबरोबर वर्षानुवर्षे व्हिटॅमिनची गोळी घेतली, त्यांना गोळी बदलली तेव्हा ही सवयही बदलायला हवी होती. किती जणांना ते नीट समजावून सांगितले गेले असेल, याची आम्हाला शंका आहे.

भांडणाचे कारण मोठे गमतीचे आहे. एचआयव्हीचा विषाणू आपल्या पेशीत शिरला की स्वतःची आनुवंशिक माहिती पेशीच्या माहितीत शिवून टाकतो. हे शिवणकाम त्याचे एक विकर करते, त्याचे नाव इंटिग्रेज. या विकराच्या ऐन कामाच्या जागी मॅग्नेशियम या धातूचे दोन कण बसलेले असतात, त्यांच्याशिवाय सुई चालत नाही. डोल्युटेग्रॅव्हिर चिमट्यासारखे जाऊन हेच दोन कण पकडते आणि शिवण बंद पाडते. म्हणजे धातू पकडणे हाच या औषधाचा गुण. पण चिमट्याला कुठला धातू कुठे पकडायचा ते कळत नाही. पोटात तो लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ऍल्युमिनियम किंवा जस्ताच्या गर्दीत सापडला, तर तिथेच त्यांना धरून बसतो. औषध आणि धातू यांचा असा जोड आतड्याच्या भिंतीतून रक्तात नीट जात नाही, आला तसा पुढे निघून जातो. गोळी गिळलेली असते, मोजणीत बरोबर असते, पण रक्तात पोचलेली नसते.

किती फरक पडतो? निरोगी स्वयंसेवकांना ही औषधे एकत्र देऊन मोजमाप झालेले आहे. रिकाम्या पोटी कॅल्शियम कार्बोनेटबरोबर डोल्युटेग्रॅव्हिर घेतले तर रक्तात पोचणारे औषध सुमारे 39 टक्क्यांनी घटले. फेरस फ्युमरेट या लोहाच्या गोळीबरोबर सुमारे 54 टक्क्यांनी. आणि ऍल्युमिनियम-मॅग्नेशियमचे ऍसिडिटीचे औषध सोबत घेतले तर तब्बल 74 टक्क्यांनी, म्हणजे चार आण्यांइतकेच औषध कामाला उरले. आमच्या विद्यार्थिनीच्या मुठीत यातले काय नव्हते?

आणि आता चांगली गोष्ट. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी जेवणाबरोबर घेतली आणि त्याच जेवणात टीएलडी घेतली, तर ही घट भरून निघाली. रिकाम्या पोटी तिघे एकत्र येण्यातच घात होता. ऍसिडिटीच्या पातळ औषधाला मात्र जेवणाची सवलत नाही.

तेव्हा नियम दोनच, आणि दोन्ही टीएलडी घेणाऱ्यांसाठी. पहिला असा की टीएलडीची गोळी लोह, कॅल्शियम, जस्त किंवा मल्टिव्हिटॅमिनच्या दोन तास आधी घ्यावी, नाहीतर त्यांच्यानंतर सहा तासांनी. वेळ जमत नसेल तर दोन्ही पोटभर जेवणाबरोबर. दुसरा, ऍल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेले ऍसिडिटीचे औषध कधीही टीएलडीसोबत घ्यायचे नाही. त्यालाही दोन तास आधी किंवा सहा तास नंतर हाच हिशेब, जेवण असो वा नसो. आधी दोन आणि नंतर सहा का, असे आम्ही त्या फार्मासिस्ट मुलीला विचारले. ती म्हणाली, गोळी आधी गेली तर दोन तासांत तिचा बराचसा भाग आतड्यातून रक्तात गेलेला असतो. धातू आधी गेला तर तो पोटात-आतड्यात बराच वेळ रेंगाळतो, तो पुढे सरकेपर्यंत थांबावे लागते.

ज्यांच्या घरी थायरॉइडची गोळी चालते त्यांना हे नवे वाटू नये. ती गोळीही लोह-कॅल्शियमपासून चार तास लांब ठेवायला सांगतात. काही अँटिबायोटिक दुधाबरोबर घेऊ नका म्हणतात तेही याच जातीचे कारण.

डॉक्टरांनी शेवटी सगळे पाहिले. त्यांनी छातीठोकपणे काही सांगितले नाही. व्हायरल लोड वाढण्याची कारणे अनेक असतात, म्हणाले, औषधाला विषाणू दाद देत नाही असेही होऊ शकते. पण आधी ही मूठ सोडवू आणि तपासणी पुन्हा करू. आम्हाला त्यांचे हे बोलणे आवडले. समुपदेशक बाई तिथेच होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवला.

एक गोष्ट डॉक्टरांनी तीन वेळा सांगितली, म्हणून आम्हीही ठळकपणे सांगतो. लोह आणि कॅल्शियम बंद करायचे नाही. आपल्या देशात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 52 टक्के गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले होते. बाळंतपणात रक्तस्राव झाला तर अशा बाईचा जीव जायला वेळ लागत नाही. हे वाचून कुणी लोहाची गोळी फेकून दिली तर आम्ही लिहिलेले सगळे वाया गेले. आणि एआरटी तर एक दिवसही बंद ठेवायची नाही. दोन्ही घ्यायचे. बदलायची ती फक्त वेळ.

वेळापत्रक त्या खिडकीशीच उभे राहून तयार झाले. गंमत म्हणजे लोह आणि कॅल्शियम यांचेही आपसात पटत नाही, एकत्र घेतले तर लोह कमी लागते, म्हणून त्यांनाही एकमेकांपासून दोन तास तरी लांब ठेवायचे. लोहावर चहा नाही. कॅल्शियम दिवसातून दोनदा. फार्मासिस्ट मुलगी कागदावर आकडे मांडू लागली तशी आमची विद्यार्थिनी म्हणाली, "घड्याळाचे आकडे नको, अम्मी विचारतील. नमाजच्या वेळा लिहा." मग असे ठरले. पहिली कॅल्शियमची गोळी सकाळी आठला नाश्त्याबरोबर. लोहाची गोळी साडेअकराच्या सुमारास, जुहरच्या आधी. दुसरी कॅल्शियमची गोळी साडेतीनला, असरच्या आधी, काहीतरी खाऊन. आणि टीएलडी रात्री दहाला, इशानंतर. साडेतीन ते दहा म्हणजे सहा तासांहून जास्त अंतर, आणि त्यानंतर सकाळी आठपर्यंत कुठलाच धातू नाही. पातळ औषध लागलेच तर दुपारी चारच्या आत, नाहीतर रात्री बारानंतर. जळजळ फारच असेल तर डॉक्टरांनी पॅन्टोप्राझोल लिहून दिले. त्या जातीच्या गोळ्यांत धातूचे असे ओझे नसते, टीएलडीच्या वाटेत त्या येत नाहीत. एचआयव्हीच्या दुसऱ्या काही औषधांना मात्र त्या चालत नाहीत, म्हणून आपल्या मनाने घेऊ नयेत. आणि हो, टीएलडीच्या गोळ्या दुसऱ्या डबीत भरू नका. ओलावा लागू नये म्हणून त्या त्यांच्या मूळ डबीतच ठेवायच्या असतात. मग नाव लपवायचे कसे? तिने डबीवर मुलाच्या वहीचे कव्हर चिकटवले.

आता घरातल्या कपाटाकडे वळू, कारण धातू फक्त आशाताईंच्या गोळ्यांत नसतात. बद्धकोष्ठावर घेतात ते मिल्क ऑफ मॅग्नेशिया, नावातच मॅग्नेशियम. पोटातल्या अल्सरवर डॉक्टर सुक्रालफेट देतात, त्यात ऍल्युमिनियम. कोरोनापासून कित्येक घरांत झिंकच्या गोळ्या येऊन राहिल्या आहेत, लहान मुलांना जुलाबातही देतात. "फक्त व्हिटॅमिन" म्हणून घेतलेल्या गोळीचे वेष्टन वाचा, निम्म्या वेळा त्यात जस्त, मॅग्नेशियम किंवा लोह निघते. साध्या जुलाबावरचे ओआरएस, फसफसणारी सोड्याची पावडर यांत सोडियम-पोटॅशियम असते, त्यांना हा चिमटा धरत नाही. रोजचे जेवण, भाजी, नाचणी, कपभर दूध यांना घाबरायचे कारण नाही.

आणि आपल्या घरांतली खास गोष्ट म्हणजे हकीमजींची बरणी. कुश्ता फौलाद म्हणजे काय? लोह. शरबत-ए-फौलाद? लोह. खमीरा मरवारीदमध्ये मोती, म्हणजे कॅल्शियम. शेजारच्या घरात वैद्यांची शंखभस्म, प्रवाळ, लोहभस्म असतात, तेच प्रकरण. आम्ही युनानीच्या विरोधात नाही, आमच्या अब्बांचा सांधेदुखीचा इलाज हयातभर तिथेच झाला. पण बरणीत धातू असला तर तो बरणीच्या नावाला मान देऊन पोटात वेगळा वागत नाही. पिशवीत ती बरणीही हवी.

विषय निघालाच आहे तर दोन औषधांबद्दल. साखरेच्या आजारावर मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी एआरटी केंद्रात ते सांगायलाच हवे. डोल्युटेग्रॅव्हिरमुळे रक्तात मेटफॉर्मिन वाढते, म्हणून त्याचा दिवसाचा डोस साधारणपणे 1000 मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. आणि टीबीच्या औषधातले रिफाम्पिसिन उलटे करते, डोल्युटेग्रॅव्हिर घटवते, म्हणून तेवढे दिवस 50 मिलिग्रॅमची एक जास्तीची गोळी बारा तासांच्या अंतराने देतात. ती डॉक्टरच देतात, फक्त टीबीचे औषध दुसरीकडून चालू असेल तर ते त्यांना कळायला हवे.

रमजानचे काय, हा प्रश्न तिने केंद्रावर विचारला नाही, घरी परतताना एसटीत विचारला. गरोदर आणि आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची रुख्सत आहे हे आपण सगळे जाणतो, आणि तिच्यासारखीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजा ठेवू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. पण तब्येत सांभाळून असलेले, विषाणू दबलेला असलेले अनेक जण रोजे ठेवतात. टीएलडी चोवीस तासांत एकदाच असल्याने ते जमते. खरी अडचण वेळांची. खाण्याच्या वेळा दोनच, म्हणून सगळ्या गोळ्या सहरीत कोंबल्या जातात, आणि इफ्तारच्या भज्यांनंतर रात्री ऍसिडिटीची बाटली निघते. सहरी पोटभर असेल तर टीएलडी आणि कॅल्शियम जेवणाबरोबर एकत्र चालेल. पण कुणी फक्त पाणी आणि खजुरावर सहरी करत असेल तर त्याने टीएलडी इफ्तारच्या बाजूला न्यावी आणि लोह-कॅल्शियम सहरीत ठेवावे. इफ्तारला सातच्या सुमारास टीएलडी घेतली तर पातळ औषध नऊच्या आधी नाही. सहरीला पाच वाजता टीएलडी घ्यायची असेल तर पातळ औषध आदल्या रात्री अकराच्या आत घेऊन मोकळे व्हायचे. रोजची वेळ बदलायची असेल तर रमजान सुरू होण्याच्या थोडे आधीच केंद्रात विचारून बदलावी, पहिल्या सहरीला गडबड होते.

एसटीतून उतरल्यावर आम्हाला आमचाच वर्ग आठवला. शाळेत आठवड्यातून एकदा आम्ही मुलांना लोहाची निळी गोळी देतो. त्यात 60 मिलिग्रॅम लोह असते. आमच्याकडे सोमवार ठरलेला आहे. समोर उभे राहून गिळली की नाही ते पाहायचे आणि रजिस्टरवर टिक करायची. इतकी वर्षे आम्ही ती टिक मोठ्या अभिमानाने करत आलो. वर्गात एखादे मूल असे असेल की जे जन्मापासून एआरटीवर आहे, जे ते कुणाला सांगू शकत नाही, आणि ज्याला आम्ही "गिळ, मी बघतोय" म्हणून रिकाम्या पोटी ती गोळी गिळायला लावली, तर? असे मूल कोण ते आम्हाला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचा हक्कही नाही. एचआयव्हीबद्दलचा 2017 चा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. माणसाला त्याच्या मर्जीशिवाय हा आजार उघड करायला लावता येत नाही, शाळेत-नोकरीत त्यावरून भेदभाव करता येत नाही. म्हणून आम्ही कुणाला काही विचारले नाही. दोन गोष्टी मात्र बदलल्या. गोळी आता पोषण आहार पोटात गेल्यावरच देतो, आणि त्याआधी सगळ्या वर्गाला एकच वाक्य सांगतो की ज्याला कुठलेही रोजचे औषध चालू आहे, मग ते कसलेही असो, त्याने ही गोळी घरी न्यावी आणि कधी घ्यायची ते आईने डॉक्टरांना विचारावे. पहिल्या सोमवारी तीन मुलांनी गोळी दप्तरात ठेवली. एकाला फिट येते हे आम्हाला माहीत होते. बाकी दोघांना आम्ही काही विचारले नाही, रजिस्टरवर टिक केली.

लपवाछपवीबद्दल आम्ही त्या मुलीला काही बोललो नाही. बोलण्याचा अधिकार आम्हाला कुठला? ज्या घरात एचआयव्ही म्हटले की ताट वेगळे, बिछाना वेगळा होतो, तिथे ती खरे सांगेल कसे? एका ताटात जेवल्याने, एकाच न्हाणीघरात आंघोळ केल्याने, गळाभेटीने हा आजार होत नाही, हे सांगून पंचवीस-तीस वर्षे झाली. तरी तिला आपले औषध कॅल्शियमच्या डबीत लपवावे लागले, आणि त्या लपवण्यानेच औषध बाद होऊ पाहत होते. घरात सांगता येत नसेल तर निदान खिडकीपलीकडच्या माणसाला तरी पिशवी दाखवता यावी. केंद्रातल्या लोकांनीही "दुसरं औषध चालू आहे का" असे न विचारता "दिवसभरात तोंडात काय काय जातं" असे विचारले तर निम्मे काम होईल. कुणाला केंद्रात जायला संकोच वाटत असेल तर 1097 या सरकारी हेल्पलाइनवर फोन करता येतो, पैसे पडत नाहीत आणि नाव सांगावे लागत नाही.

बाळंतपणाच्या दहा दिवस आधी तिचा दुसरा रिपोर्ट आला. विषाणू पुन्हा दबला होता. तिने फोनवर फक्त एवढेच सांगितले, "टीचर, साफ." मागून तिच्या नवऱ्याचा आवाज येत होता, तो कुणाला तरी पेढे आणायला सांगत होता. कशाचे पेढे, हे त्याने घरात काय सांगितले असेल कोण जाणे.

मुलगी झाली. बाळाला जन्मल्यापासून द्यायचे पातळ औषध दिले, सहा आठवड्यांची रक्ततपासणी झाली, ती चांगली आली. अजून सहा महिन्यांची, वर्षाची आणि शेवटची अठरा महिन्यांची बाकी आहे, तोवर कुणी पक्के म्हणत नाही. लोह आणि कॅल्शियम बाळंतपणानंतरही सहा महिने घ्यायचे असते, म्हणून तो नमाजच्या वेळांचा कागद अजून स्वयंपाकघरात भिंतीवर आहे. परवा ती सांगत होती, आता रात्री सासूबाईच आवाज देतात, "दुल्हन, इशानंतरची गोळी घेतलीस का?" त्यांना किती ठाऊक आहे हे तिने विचारलेले नाही.